जीपचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. पण तो जुन्या यंत्रांनाही तितकाच लागू पडतो, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. आता हेच पाहा. गोव्यात, कोकणात, बेळगावकडे कुठल्याही गावात गेलात तर एखाद्या गोठ्याच्या आडोशाला, फणसाखाली, नाहीतर गॅरेजच्या मागच्या अंगणात एक जीप हमखास दिसते. चाके मातीत रुतलेली, बॉनेटवर शेवाळ, सीटच्या जागी कोंबड्यांची वस्ती. कधी ती उघडी जीप असते, तर कधी चपट्या तोंडाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा असलेली पिकअप. मालकाला विचारा, विकणार का? तो म्हणतो, "विकायची नाही हो, एकदा करून घ्यायची आहे." हे 'करून घेणे' कमी पैशांत कसे जमते आणि नेमके काय केले म्हणजे जुनी गाडी वाचली म्हणायचे, या प्रश्नाला बराच मोठा इतिहास आहे.

सुरुवात १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत झाली. युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकन लष्कराला चारही चाकांना ताकद देणारी, हलकी, बुटकी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा गेली आणि नमुना द्यायला मुदत मिळाली अवघी ४९ दिवसांची! बहुतेकांनी हात वर केले. पेनसिल्व्हेनियातली बँटम नावाची एक डबघाईला आलेली छोटी कंपनी मात्र पुढे आली. तिने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले, त्याने दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुन्याची गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. घाई इतकी होती की जिथे जमेल तिथे बाजारात तयार मिळणारेच भाग वापरले गेले. म्हणजे जीपचा जन्मच मुळी 'आहे त्यात भागवा' या तत्त्वावर झालेला आहे.

पुढे बँटमवर अन्याय झाला असे म्हणता येईल. मोठ्या प्रमाणावर गाड्या बनवण्याची कुवत तिच्यात नव्हती म्हणून लष्कराने आराखडा विलीज आणि फोर्ड यांना दाखवला. विलीजचे २२०० सी.सी.चे, साठ अश्वशक्तीचे इंजिन सर्वांत दणकट ठरले आणि कंत्राट तिकडे गेले. पुढे फोर्डनेही त्याच आराखड्यावर गाड्या बनवल्या. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपा बाहेर काढल्या. लष्कराची एक अट होती : विलीजचा भाग फोर्डला आणि फोर्डचा विलीजला बसलाच पाहिजे. फोर्डला आपल्या नावाचा अभिमान, म्हणून त्याने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवले. आज जगभरचे हौशी लोक भंगाराच्या ढिगात भिंग घेऊन ते अक्षर शोधत बसतात! पण रणांगणावरच्या सैनिकाला त्या अक्षराशी काही देणेघेणे नव्हते. दोन मोडक्या जीपांतून एक धडकी जीप उभी करणे हेच त्याचे काम. 'दोनाची एक' करण्याची ही रीत पुढे जगभर गेली.

युद्ध संपले आणि हजारो जीपा जिथे होत्या तिथेच पडून राहिल्या. परत नेण्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जड. मग त्या विकल्या गेल्या, वाटल्या गेल्या. फिलिपिन्समध्ये लोकांनी त्या घेतल्या, मागून लांब केल्या, वर छप्पर चढवले, समोरासमोर बाकडी टाकली आणि जीपनी नावाची प्रवासी गाडी तयार झाली. मनिलाच्या रस्त्यांवर तिनेच पिढ्यान्‌पिढ्या माणसे वाहिली. तिकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावर मॉरिस विल्क्स या रोव्हर कंपनीच्या अभियंत्याच्या शेतावर अशीच एक युद्धातून उरलेली जीप होती. ती मोडली की पुढे काय, हा प्रश्न त्याला पडला आणि त्यातूनच लँड रोव्हर जन्मली. पहिला नमुना चक्क जीपच्या चेसिसवर उभा केला होता. १९४८ च्या एप्रिलअखेर ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ब्रिटनमध्ये पोलादाचे रेशनिंग होते म्हणून अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आज श्रीमंतांच्या दारात दिसणाऱ्या त्या घराण्याचा मूळ पुरुष असा काटकसरीतून आलेला आहे.

हिंदुस्थानातही युद्धाचा उरलेला माल विकायला निघाला आणि 'डिस्पोजल' हा शब्द आपल्या बोलीत शिरला. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची ताडपत्री, डिस्पोजलची जीप! त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, 'महिंद्र अँड महंमद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. के. सी. आणि जे. सी. महिंद्र हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम महंमद हे तिसरे भागीदार. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली तर तिथले गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. छापून ठेवलेल्या कागदांवरची आद्याक्षरे वाया जाऊ नयेत म्हणून हेच नाव निवडले, असे सांगतात. खरे असो वा नसो, जीप विकणाऱ्या कंपनीला शोभणारी गोष्ट आहे खरी! १९४७ पासून या कंपनीने सुटे भाग आणून मुंबईत जीपची जुळवणी सुरू केली. पुढे भागही इथेच बनू लागले.

स्वतंत्र भारत सरकारनेही आपल्या पहिल्याच वर्षी जुन्या जीपांचा एक सौदा केला आणि त्यात हात पोळून घेतले. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू होती, गाड्यांची तातडी होती. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी ८० लाख रुपयांचा करार केला. दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या २००० जीपा यायच्या होत्या, आल्या १५५. आणि त्याही वापरायच्या लायकीच्या नव्हत्या! संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि १९५५ साली सरकारने प्रकरण बंद केले. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून त्याचे नाव घेतले जाते. राजकारण बाजूला ठेवू. जुनी गाडी घेणाऱ्याने यातून एवढेच शिकावे : गाडी स्वतः, खाली वाकून, हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. वरचा रंग सगळ्यांनाच फसवतो.

आम्हा गोवेकरांना मात्र मेनन यांच्याकडे एवढ्या एकाच चष्म्यातून पाहता येत नाही. हेच कृष्ण मेनन १९५७ साली संरक्षणमंत्री झाले आणि १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौज गोव्यात आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. पोर्तुगिजांनी माघार घेताना पूल उडवले होते. नद्या-खाड्यांच्या या मुलखात पूल उडाला की रस्ताच संपतो. तरीही दोन दिवसांत सगळे आटोपले. १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली, ती गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात. साडेचारशे वर्षांची राजवट मोटारीच्या हेडलाइटसमोर मावळली.

जाता जाता आणखी एक गंमत. १९२८ साली पोर्तुगालने रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. गोव्यात मात्र वाहने डावीकडूनच चालत राहिली, कारण शेजारी ब्रिटिश मुलूख होता आणि तिथे डावी बाजूच चाले. लिस्बनचे फर्मानही सीमेवरच्या बैलगाडीपुढे नमले म्हणायचे! आणि मौज अशी की डाव्या बाजूने चालणाऱ्या या देशात जीप आली ती डावीकडेच स्टिअरिंग असलेली. महिंद्रच्या जीपाही कित्येक वर्षे तशाच निघत. मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेले ज्यांना आठवत असेल त्यांच्या केसांत आता चांदी आली असणार.

आता पिकअपकडे वळू. युद्धानंतर विलीजने १९४७ साली जीपच्याच तोंडावळ्याची पिकअप काढली. मग १९५६ च्या अखेरीस आली 'फॉरवर्ड कंट्रोल', म्हणजेच एफ.सी. १५०. हिला पुढे नाकच नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन केबिनमध्ये, दोघांच्या मधोमध, झाकणाखाली. गाडीची लांबी तेवढीच ठेवून सामानाला जागा जास्त मिळावी, हा हेतू. पण सगळे वजन पुढे आल्यामुळे रिकामी गाडी उतारावर नाकावर पडते की काय अशी भीती वाटे, आणि उन्हाळ्यात इंजिनाची धग थेट मांडीला. अमेरिकेत ही चालली नाही. जेमतेम तीसेक हजार गाड्या बनवून १९६५ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र महिंद्रने तिला नवे आयुष्य दिले. पुढे एफ.सी. १६० निघाली. भाजीपासून भातापर्यंत, गणपतीपासून गुरांपर्यंत तिने काय वाहिले नाही!

अमेरिकेत मोडीत निघालेले वाण आपल्याकडे दीर्घायुषी का झाले? कारण साधे आहे. आपल्याला वेगाची नव्हे, दुरुस्तीची सोय हवी होती. जीपमध्ये असे काहीच नाही जे गावातल्या मेस्ताला उलगडता येत नाही. (गोव्यातला 'मेस्त' आणि देशावरचा 'मिस्त्री' हे दोघेही पोर्तुगीज 'मेस्त्र'चेच वंशज. पाखले गेले, पण कसबी माणसाला द्यायचा मानाचा शब्द मागे ठेवून गेले.) खाली शिडीसारखी चेसिस, तिच्यावर पाटे, पाट्यांखाली दोन अक्सल. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस. तिच्यातून एक दांडा मागे जातो, एक पुढे. लिव्हर ओढला की चारही चाके ओढू लागतात. दुसरा ओढला की वेग कमी होऊन ताकद वाढते. सगळे बोल्टांनी जोडलेले, म्हणून सगळे सुटे होणारे.

आणि मेस्तांनी काय काय केले! पेट्रोल महागले तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिने बसली. कंपनीनेही तेच केले. महिंद्रने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला होता. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन पुढे जीपमध्ये आले, नंतर फ्रान्सच्या प्यूजोचे. तिकडे जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून निसानच्या आराखड्यावर जोंगा बनू लागली. तिचे सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन म्हणजे पांढरा हत्ती. लष्कराने लिलावात काढलेली जोंगा घेणाऱ्याचे पहिले काम तिच्या पोटात डिझेल बसवणे. हरियाणातल्या मंडी डबवालीला तर जुन्या जीपांच्या सांगाड्यांवर नव्या जीपा बांधण्याचा धंदाच उभा राहिला. पेट्यांतून आलेले इंजिन, लिलावातली चेसिस, स्थानिक पत्र्याची बॉडी, आणि हिशेब पाठकोऱ्या कागदावर.

गोव्यात या गाड्यांचे दोन शत्रू आणि दोन मित्र. शत्रू म्हणजे खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस. मित्र म्हणजे खाणी आणि रान. १९५० च्या दशकात गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले आणि डिचोली, सत्तरी, सांगेच्या डोंगरांत जिथे रस्ता नाही तिथे जाणाऱ्या गाडीला मोल आले. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या, मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ परवाने रद्द केले. त्या काळात लाल मातीत उभे राहून गंजलेले ट्रक ज्यांनी पाहिले त्यांना एक गोष्ट कळली असेल : यंत्र जितके झिजून मरत नाही तितके बसून मरते. उलट कुळ्याहून दूधसागरच्या धबधब्याकडे ओहोळांतून पाणी उडवत जाणाऱ्या गाड्या पाहा. रोज पाण्यात जातात, पण रोज त्यांच्या अंगावर हातही फिरतो. म्हणून टिकतात.

कमी पैशांत जुनी पिकअप उभी करायची तर क्रम महत्त्वाचा. बहुतेकांचे पैसे रंगात जातात आणि ब्रेकसाठी उरत नाहीत! जाणते मेस्त उलट्या क्रमाने जातात. आधी चेसिस. पाट्यांची शॅकल जिथे बसतात तिथे, आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत, पाणी साचून पत्रा पापडासारखा होतो. तिथे हातोडी मारून पाहायची. आवाज बसका आला की तो भाग कापायचा, वरून ठिगळ नाही मारायचे. मग ब्रेक आणि स्टिअरिंग. ब्रेकच्या नळ्या आणि रबरे सरसकट नवी. तिथे काटकसर म्हणजे आत्मघात. पुढच्या अक्सलचे किंगपिनचे बेअरिंग सैल असेल तर ठराविक वेगाला सगळी गाडी अंगात आल्यासारखी हलते. तिसरे वायरिंग. अर्धी जुनी वाहने आगीत जातात ती सडक्या वायरीमुळे. युद्धकाळातल्या जीपा सहा व्होल्टच्या. त्यांना बारा व्होल्ट करून घेतले की बॅटरी आणि बल्ब कुठेही मिळतात. चौथे इंजिन. ते सुरू होत असेल तर उगाच खोलू नये. आधी काँप्रेशन बघावे, तेल बदलावे, टाकी साफ करावी. आणि सर्वांत शेवटी पत्रा, लांबी आणि रंग.

खर्च वाचतो तो भागांत. महिंद्रने सी.जे. ३ बी या जीपचेच भाऊबंद पुढची कित्येक दशके बनवले, त्यामुळे गिअर, बेअरिंगे, क्लच प्लेटा, अगदी पत्रेसुद्धा जुन्या बाजारात सापडतात. फिलिपिन्समध्ये तर आजही युद्धकाळातल्या जीपची सबंध नवी बॉडी तयार करून जगभर पाठवतात. आणि इथे खरा प्रश्न उभा राहतो. बॉडी नवी, इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातले, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, उरली फक्त चेसिसवरच्या नंबराची पट्टी. मग ही गाडी जुनी की नवी?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावले. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. तिचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि 'व्ही.ए.' अक्षरांची वेगळी पाटी. पण अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा आणि गाडी धंद्यासाठी चालवायची नाही. साध्या नोंदणीचे नूतनीकरणही स्वस्त राहिलेले नाही : पंधरा वर्षांवरच्या मोटारीसाठी ६०० रुपये पडत, ते २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झाले.

नियमांमागचा हेतू वाईट नाही. धूर ओकणाऱ्या, ब्रेक नसलेल्या गाड्या रस्त्यावर नकोतच. पण परिणाम काय होतो ते पाहावे. मुंबईतल्या एखाद्या संग्राहकाची जीप, जिचा प्रत्येक बोल्ट परदेशातून मागवलेला आहे आणि जी वर्षातून एकदा रॅलीत फिरते, ती 'वारसा' ठरते. आणि सत्तरीतल्या शेतकऱ्याची पिकअप, जिच्यात त्याच्या बापाने पोटाला चिमटा काढून डिझेल इंजिन बसवले, जी चाळीस वर्षे सुपारी आणि शेणखत वाहते आहे, ती 'भंगार'. इतिहास कुणाच्या गाडीत जास्त आहे?

इथे मला पुन्हा देवळांकडे यावेसे वाटते. सोळाव्या शतकात साष्टीतल्या कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रुज महालात आली. मूळ देवळे राहिली नाहीत. पण प्रियोळला आणि कवळ्याला जी देवळे उभी राहिली त्यांना कुणी 'नकली' म्हणत नाही, कारण पूजा खंडली नाही. उलट आज चांगली जुनी लाकडी खांबांची, मातीच्या भिंतींची देवळे पाडून संगमरवर चढवतात तेव्हा देव तोच राहतो, पण काहीतरी कायमचे जाते. म्हणजे सगळे बदलूनही सातत्य राहू शकते, आणि काहीच मोडलेले नसताना केलेल्या हौशी 'सुधारणे'त ते तुटू शकते. गाडीचेही तेच. गरजेपोटी बसवलेले डिझेल इंजिन हा त्या गाडीच्या चरित्राचा भाग आहे. क्रोमचे बंपर आणि रुंद टायर लावून तिला बाहुली करणे ही मात्र निव्वळ मोडतोड.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. जुनी पिकअप करायला काढाल तेव्हा आधी ठरवा : ती दाखवायची आहे की चालवायची? दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत, पण दोन्हींची सरमिसळ केली की पैसा दुप्पट जातो. दाखवायची असेल तर मूळ भागांचा शोध घ्या, वेळ लागू द्या. चालवायची असेल तर इंजिनाचा बदल आधी वाहतूक खात्याला विचारून, कागदावर आणून करा. आणि दोन्ही वाटांवर एक वही ठेवा. कुठला भाग कधी काढला, त्या जागी काय बसवले, कुठून आणले, कुणी बसवले, सगळे लिहा. काढलेले भाग भंगारवाल्याला देऊ नका. ग्रीस लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर टाका. फोटो काढा. आणि त्या वहीत मेस्ताचे नाव जरूर लिहा. बँटमच्या कार्ल प्रोब्स्टचे नाव पुस्तकांत आहे, पण आपल्याकडे या गाड्या ज्यांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालत्या ठेवल्या त्यांची नावे कुठेच नाहीत. त्यांतले बरेच आता थकले आहेत, पोरे मोबाइल आणि नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात गेली. किंगपिनची सैल बेअरिंग नुसत्या हाताने ओळखणारा माणूस गेला की चेसिस कितीही दणकट असून उपयोग नाही. तेव्हा फणसाखालची ती गाडी 'एकदा करून घ्यायची' असेल, तर यंदाचा पाऊस सरला की लगेच घ्या. मेस्त आहेत तोवर.